इंजिनावरचा पाऊस

जुलै महिन्यातली सकाळ. रात्रीपासून पावसाची झड लागलेली. दहा-बारा किलोमीटर मोटरसायकल चालवून एक शिक्षक शाळेत पोचतात आणि गाडी पडवीत उभी करतात. रेनकोटातून पाणी निथळते आहे, पण मुलांचे लक्ष सरांकडे नाही, गाडीकडे आहे. इंजिनावरून पांढुरक्या वाफेचे धागे वर चढताहेत. पाच मिनिटांत इंजिन चक्क कोरडे होते. पडवीतच दोरीवर वाळत घातलेले फडके मात्र तीन दिवस झाले तरी ओलेच आहे.

“सर, पावसात गाडीचं इंजिन गार पडत असेल ना?”

“पडणारच. पावसाचं पाणी थंड असतं.”

उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. पाणी थंड असणे हा त्यातला लहान भाग झाला. मोठा भाग वेगळाच आहे, आणि तो माणसाला कळला तो अठराव्या शतकाच्या मध्यात. त्याआधी उष्णता आणि तापमान हे दोन शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जात. आजही नववी-दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना हाच गोंधळ आपल्याला भेटतो. तेव्हा पडवीतल्या त्या गाडीचे बोट धरून हा इतिहास एकदा पाहू या.

न्यूटनचा वारा

सुरुवात कोरड्या हवेपासून करू. १७०१ साली न्यूटनने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटासा लॅटिन लेख प्रसिद्ध केला, तोही स्वतःचे नाव न देता. त्याने लोखंडाचा तुकडा लालभडक तापवला आणि तो गार होताना काय होते ते पाहिले. वस्तू भोवतालापेक्षा जितकी जास्त तापलेली, तितक्या जास्त वेगाने ती उष्णता गमावते, हा त्याचा निष्कर्ष. न्यूटनचा शीतनाचा नियम म्हणून तो आपण शिकवतो. शिकवताना एक तपशील मात्र बहुधा सुटतो. न्यूटनने तो तुकडा स्थिर हवेत ठेवला नव्हता. एकसारखा वारा वाहत असेल अशा जागी ठेवला होता. म्हणजे धावत्या मोटरसायकलचीच परिस्थिती!

आता समजा, मे महिन्यात हवा ४० अंश सेल्सिअस आहे आणि जुलैत २७. गाडी तीच, वेग तोच, चढही तोच. इंजिनात तयार होणारी उष्णता तेवढीच असेल, तर ती बाहेर टाकण्यासाठी इंजिन आणि हवा यांच्या तापमानांत फरकही साधारण तेवढाच लागेल. हवा १३ अंशांनी उतरली की इंजिनाचे तापमानही सुमारे १३ अंशांनी उतरते. पावसाचा एक थेंबही न पडता एवढा फरक झाला. थेंब पडू लागल्यावर जे होते, ते मात्र न्यूटनच्या नियमात बसत नाही.

एका विद्यार्थ्याचे निरीक्षण

ग्लासगो आणि एडिंबरो येथे वैद्यक व रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम कलनच्या एका विद्यार्थ्याला एक मजेशीर गोष्ट दिसली. मद्यार्कात बुडवलेला तापमापक बाहेर काढून हवेत धरला, की पारा खाली उतरतो. मद्यार्क आणि हवा दोन्ही सारख्याच तापमानाला असल्या तरीही उतरतो! कलनने हे हसण्यावारी नेले नाही. त्याने वेगवेगळे द्रव घेऊन प्रयोग केले, निर्वात पंपाखाली ईथर उडवून भोवतालच्या पाण्याचे बर्फ केले आणि १७५६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. द्रवाची वाफ होताना थंडावा निर्माण होतो, हे आता पक्के झाले. पण तो का, हा प्रश्न उरलाच होता.

तो सोडवला कलनच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने. त्याचे नाव जोसेफ ब्लॅक. त्या वेळची समजूत अशी होती, की बर्फ वितळण्याच्या तापमानाला पोचले की अगदी थोड्याशा उष्णतेने त्याचे पाणी होते. आणि पाणी उकळीला आले की थोड्याशा जास्तीच्या उष्णतेने त्याची वाफ होते. ब्लॅकने विचारले, तसे असते तर वसंत ऋतूत पहिल्या उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा हिमसाठा एकदम वितळून भयंकर पूर यायला हवेत. तसे होत नाही. बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहते. म्हणजे ते उष्णता घेत राहते, पण त्याचे तापमान वाढत नाही. मग ही उष्णता जाते कुठे?

ब्लॅकने काचेचे दोन सारखे गोल घेतले. एकात बर्फ, दुसऱ्यात गोठणबिंदूच्या जरासे वर असलेले तितकेच पाणी. दोन्ही थंड दालनात टांगून ठेवले. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने वाढून ४० अंशांवर पोचले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले.

वाफेसाठीचा त्याचा प्रयोग तर कोणत्याही स्वयंपाकघरात करता येण्याजोगा होता. सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यांत ५० अंश फॅरनहाइटचे, म्हणजे १० अंश सेल्सिअसचे पाणी घेऊन त्याने ती तापून लाल झालेल्या लोखंडी तव्यावर ठेवली. चार मिनिटांत पाणी उकळू लागले. सगळे पाणी आटायला पुढे आणखी वीस मिनिटे लागली. तव्याकडून दर मिनिटाला सारखीच उष्णता मिळत होती असे धरले, तर पाण्याचे तापमान ९० अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागली, तिच्या पाचपट उष्णता नुसती वाफ करण्यात गेली. आणि या वीस मिनिटांत तापमापक एका अंशानेही वर सरकला नव्हता! आपल्या भाषेत सांगायचे तर ब्लॅकचे उत्तर दर ग्रॅमला ४५० कॅलरी येते. आज आपण ५४० मानतो. पत्र्याचे भांडे आणि घड्याळ एवढ्यावर काढलेल्या उत्तराला नावे ठेवण्याचे कारण नाही.

तापमापकाला न दिसणारी ही उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा. १७६२ सालच्या एप्रिलमध्ये ब्लॅकने ग्लासगोतल्या विद्वानांच्या एका मंडळापुढे आपले काम वाचून दाखवले. पण त्यावर त्याने ग्रंथ लिहिला नाही. तो वर्गात शिकवत राहिला आणि त्याचे विचार विद्यार्थ्यांच्या वह्यांमधून पसरले. त्याची व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली ती १८०३ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

आत पाऊस पडणारे इंजिन

त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा एक तरुण कारागीर होता, जेम्स वॉट. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेनच्या इंजिनाचे वर्गात दाखवायचे एक छोटे प्रतिरूप दुरुस्तीला आले. १७१२ पासून कोळशाच्या खाणींतले पाणी उपसणारे हे इंजिन म्हणजे आत पाऊस पडणारे इंजिनच होते. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण झाली, की बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलायचा. पुढच्या फेरीसाठी पुन्हा वाफ. पण दर फेरीला फवाऱ्याने सिलिंडरही गार पडे, आणि नव्याने आलेली वाफ आधी ते तापवण्यातच खर्ची पडे.

वॉटने मोजून पाहिले तेव्हा त्याला आश्चर्य वाटले. थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट विहिरीच्या पाण्याला उकळीपर्यंत तापवू शकत होती. एवढी उष्णता त्या वाफेत होती कुठे? त्याने ब्लॅकला विचारले, तेव्हा ब्लॅकने आपला अप्रकट उष्म्याचा सिद्धांत त्याला समजावला. १७६५ साली वॉटला तोड सापडली. पाऊस पाडायचाच, पण सिलिंडरमध्ये नाही. शेजारच्या वेगळ्या भांड्यात. सिलिंडर सतत तापलेले राहील आणि वाफ वेगळ्या ठिकाणी थंड होईल. १७६९ साली त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले.

ब्लॅकच्या सिद्धांतातूनच वॉटला ही युक्ती सुचली, अशी गोष्ट पुढे रूढ झाली. वॉटने स्वतः ती नाकारली. सिद्धांतामुळे आपल्याला दिसलेल्या गोष्टीचे कारण कळले, पण शोध त्यातून निघाला नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. वर्गात सांगताना किटलीच्या झाकणाच्या दंतकथेपेक्षा ही गोष्ट सांगावी. एकाने विचार करून आणि दुसऱ्याने यंत्र उघडून एकाच सत्याला हात लावला होता.

पाऊस बाहेर गेला

यानंतर शंभर वर्षांनी, १८७६ साली, ओटोचे चार फेऱ्यांचे इंजिन आले. आता इंधन सिलिंडरच्या आतच जळू लागले आणि प्रश्न उलटा झाला. वॉटला सिलिंडर गरम कसे ठेवावे ही चिंता होती. इथे ते गार कसे ठेवावे हा प्रश्न होता. जळत्या वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. इंजिन टिकते ते केवळ दर क्षणी उष्णता बाहेर काढली जाते म्हणून.

दोन वाटा निघाल्या. १८९४ साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी पहिली मोटरसायकल बनवली. तिचे इंजिन पाण्याने गार होई आणि मागच्या चाकावरचा चिखलरोधक हीच पाण्याची टाकी होती! दुसरी वाट हवेची. फ्रान्समधल्या द दियाँ-बूताँच्या छोट्या इंजिनांत सिलिंडरभोवती धातूच्या कडा काढलेल्या होत्या. याच आपल्या गाडीच्या फिन्स. त्यामुळे हवेला भिडणारे क्षेत्रफळ अनेकपट वाढते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या फार्नबरो येथे गिब्सन आणि हेरॉन यांनी विमानांच्या इंजिनांसाठी या फिन्सचा पद्धतशीर अभ्यास केला. फिन्स किती उंच, किती जाड, किती अंतरावर असाव्यात, हे त्यांनी मोजून ठरवले, आणि ओतीव लोखंडापेक्षा कितीतरी सहज उष्णता वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पुरस्कार केला. आज रस्त्यावरच्या हवेने गार होणाऱ्या दुचाकीच्या सिलिंडरचा माथा ज्या धातूचा आहे, त्यामागे हे काम आहे.

या फिन्स वाऱ्यासाठी बनवल्या होत्या. पाऊस हा त्यांच्याकडे आलेला आगंतुक पाहुणा.

आता हिशेब करू

समजा, एक गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आणि तासाला एक लिटर पेट्रोल जाळते. एक लिटर म्हणजे सुमारे पाऊण किलो पेट्रोल, आणि किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे तासाला ८,००० किलोकॅलरींच्या आसपास. यातला ढोबळ मानाने चौथा हिस्सा सिलिंडरच्या भिंतींतून फिन्सकडे जातो असे धरू. म्हणजे फिन्सना तासाला २,००० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकायची आहे.

हे सगळे काम एकट्या पावसाच्या पाण्यावर सोपवले तर? पाणी २८ अंशांना इंजिनावर पडले आणि ६० अंशांपर्यंत तापून ओघळून गेले, तर प्रत्येक लिटर पाणी फक्त ३२ किलोकॅलरी नेईल. तासाला ६० लिटरहून जास्त पाणी लागेल. पण तेच पाणी इंजिनावर पूर्ण आटले, तर १०० अंशांपर्यंत तापताना ७२ आणि वाफ होताना ५४०, मिळून ६१२ किलोकॅलरी घेऊन जाईल. म्हणजे तासाला सव्वातीन लिटर पाणी पुरे. मिनिटाला साधारण ५५ मिलिलिटर, पाव पेल्याएवढे!

प्रत्यक्षात काही पाणी आटते, काही ओघळते आणि वारा आपले काम चालूच ठेवतो. त्यामुळे हा हिशेब केवळ तुलनेसाठी आहे. पण “पाणी थंड असते म्हणून” या उत्तरात किती आणि “पाणी आटते म्हणून” या उत्तरात किती, ते यातून स्पष्ट होते.

आता दोरीवरच्या फडक्याकडे वळू. ते वाळत नाही, कारण हवा आधीच बाष्पाने जवळजवळ भरलेली आहे. मग इंजिन कसे वाळते? फडके हवेच्याच तापमानाला आहे. त्यातल्या पाण्याच्या बाष्पदाबाला हवेतल्या बाष्पाशी झगडावे लागते. इंजिनाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे असेल, तर तिथल्या पाण्याचा बाष्पदाब सबंध वातावरणाच्या दाबाइतका होतो. तिथे पाणी उकळते, आणि उकळत्या पाण्याला बाहेर आर्द्रता किती आहे याची पर्वा नसते. दिसणारे पांढरे धागे ही खरे तर वाफ नव्हेच. थंड हवेत आल्यावर बाष्पाचे झालेले ते सूक्ष्म थेंब आहेत.

आणखी एक गोष्ट निरखण्यासारखी आहे. ओल्या फिन्सवर थेंब चुर्र करून आटतो. पण इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या नळीच्या तोंडाशी, जिथे धातू फारच तापलेला असतो, थेंब कधी कधी गोल होऊन घरंगळत जातो. जर्मनीतल्या ड्यूसबर्ग येथील योहान लायडेनफ्रॉस्ट या वैद्याने १७५६ सालीच, कलनचा निबंध निघाला त्याच वर्षी, लाल तापवलेल्या लोखंडी चमच्यावर हे पाहून नोंदवले होते. पृष्ठभाग खूप तापलेला असला की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. ती उष्णतेची वाहक नसल्याने थेंब उलट जास्त वेळ टिकतो. डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडणाऱ्याला हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

गार असणे नेहमी चांगले नाही

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पावसाळा इंजिनाला मानवतो तर! वॉटची आठवण ठेवू या. गार सिलिंडर ही त्याच्या इंजिनाची मोठी हानी होती, आणि आपल्या इंजिनालाही फार गार राहणे सोसत नाही.

पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! इंजिन तापलेले असेल तर ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते. पण दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून थोडे वायू खाली तेलाच्या कोठीतही शिरतात. इंजिन गार असेल, तर त्यांतल्या बाष्पाचे तिथे पाणी होते आणि वंगण तेलात मिसळते. पावसाळ्यात रोज एक-दोन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्याला तेलाच्या झाकणाखाली कधी कधी दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो, तो हाच. अधूनमधून गाडी लांब चालवून इंजिन नीट तापू दिले, तर ते पाणी उडून जाते. इंजिनातला पाऊस पुन्हा आत आला म्हणायचा!

पाण्याने गार होणाऱ्या गाड्यांत यासाठी थर्मोस्टॅटची झडप असते. पाणी पुरेसे तापेपर्यंत ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. म्हणून अशा इंजिनाच्या आतल्या तापमानात पावसाने फारसा फरक पडत नाही. हवेने गार होणाऱ्या इंजिनाला अशी झडप नसते. त्याला ऊन-पाऊस दोन्ही सोसावे लागतात. आणि चिखल! फिन्समध्ये बसलेला चिखल वाळला, की तिथे ना वारा पोचतो ना पाणी. पावसाने गार राहिलेले इंजिन पाऊस उघडल्यावर तापू लागते, ते अनेकदा याच कारणाने. तेव्हा फिन्स धुवाव्यात, पण इंजिन निवल्यावर. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाणी पडले की काच तडकते. धातू काचेपेक्षा बराच सोशिक असला, तरी तापलेल्या इंजिनावर बादली ओतण्याचे कारण नाही.

भर पावसात गाडी बंद पडते तेव्हा मात्र “इंजिन गार झाले” असे निदान करण्याची घाई करू नये. बहुधा प्लगकडे जाणाऱ्या तारेवर किंवा टोपीत ओल शिरून ठिणगी भलतीकडे गळत असते.

वर्गात करून पाहा

ब्लॅकचा प्रयोग एका तासिकेत बसतो. लहान स्टीलच्या भांड्यात १०० मिलिलिटर पाणी घ्या, तापमान नोंदवा आणि स्पिरिटच्या दिव्यावर किंवा शेगडीवर एकसारख्या आचेवर ठेवा. उकळी फुटेपर्यंतची वेळ मोजा. मग भांडे आटत येईपर्यंतची वेळ मोजा आणि थोडे पाणी शिल्लक असतानाच आच बंद करा. उरलेले पाणी मोजून तेवढे हिशेबातून वजा करा. दोन वेळांचे गुणोत्तर काढून अप्रकट उष्म्याची किंमत मांडा.

प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येईल आणि ५४० कोणाचेच येणार नाही. ते खोडू नका. कोणाचे जास्त का आले, कोणाचे कमी का आले, भांड्याच्या बाजूंनी किती उष्णता गेली, उकळी फुटण्याआधीच किती पाणी उडाले, यावर मुलांना भांडू द्या. ब्लॅकचे उत्तरही ९० ने चुकलेच होते. ते का चुकले असेल, हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. आणि पुढच्या पावसात सरांची गाडी पडवीत आली, की मुलांना इंजिनाजवळ, पण हात न लावता, उभे करून विचारा: हे पाणी आत्ता इंजिनातून काय घेऊन चालले आहे?